‘नैसर्गिक’ म्हणजे कशाच्या विरुद्ध?

आपण कळवल्याप्रमाणे आपली कन्या अकरावीत विज्ञान शिकते. घरात मराठी, दहावीपर्यंत शाळेत गुजराती आणि आता हातात इंग्रजी पुस्तके, अशी बडोद्यातील अनेक मराठी घरांतील मुलांची स्थिती तिचीही आहे. नैसर्गिक संख्या, नैसर्गिक लघुगणक, नैसर्गिक वारंवारता, नैसर्गिक वायू आणि नैसर्गिक निवड या संज्ञांतील ‘नैसर्गिक’ एकच आहे का, शून्य ही नैसर्गिक संख्या आहे की नाही, आणि मराठीत समजून घेताना कोणता शब्द मनात धरावा, असे तीन प्रश्न आपण तिच्या वतीने विचारले आहेत. मी रासायनिक अभियंता आहे. या शहराच्या आसपासच्या कारखान्यांत तीस वर्षे काम केल्यानंतर आता काही वर्षे मुलांना गणित आणि पदार्थविज्ञान शिकवतो. हा गोंधळ मी कारखान्यातही पाहिला आहे आणि वर्गातही, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, अर्थ एक नाही. मात्र तो मनमानीही नाही. विज्ञानात ‘नैसर्गिक’ हे विशेषण एकटे कधीच उभे नसते. त्याच्या समोर एक प्रतिपक्ष असतो आणि पुष्कळदा तो सांगितलेला नसतो. संज्ञा वाचल्याबरोबर ‘नैसर्गिक, पण कशाच्या विरुद्ध?’ असे विचारावे. प्रतिपक्ष सापडला की अर्थ सापडतो. तो न शोधता डोंगर, नदी, झाडे असे चित्र मनात आणले, तर लघुगणकाला नैसर्गिक का म्हणतात हे जन्मभर कळणार नाही.

हे चित्र मनात येते त्याला आपल्या शब्दाचा आजचा वापर कारणीभूत आहे. मराठीत ‘निसर्ग’ म्हटले की हिरवाई आठवते. संस्कृतात मात्र निसर्ग म्हणजे मुख्यतः स्वभाव. अमरकोशात प्रकृती, स्वरूप, स्वभाव आणि निसर्ग हे शब्द एकाच गटात दिले आहेत. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘जन्मणे’ या अर्थाच्या धातूत आहे, म्हणजे तो आपल्या ‘सहज’ या शब्दाचा जवळचा सोबती ठरतो, कारण सहज म्हणजे सोबत जन्मलेले. ज्योतिषात ग्रहांची ‘नैसर्गिक’ मैत्री आणि ‘तात्कालिक’ मैत्री असा भेद करतात. त्या शास्त्राच्या खरेखोटेपणाशी येथे कर्तव्य नाही, पण शब्दाचा वापर पाहण्यासारखा आहे: तेथे नैसर्गिकचा प्रतिपक्ष कृत्रिम नसून तात्कालिक आहे. आपल्या भाषांच्या नावांतही अशीच जोडी आहे, कारण ‘प्राकृत’ला अर्थ येतो तो ‘संस्कृत’ समोर असल्यामुळे.

आता सर्वांत सोप्या संज्ञेपासून आरंभ करतो. नैसर्गिक वायू आपल्या भागात परका नाही. खंभातजवळ लुणेज येथे १९५८ साली तेल आणि वायू सापडला, १९६० साली अंकलेश्वर येथे सापडला, आणि बडोद्यातील अनेक स्वयंपाकघरांत हा वायू फार पूर्वीच नळाने पोहोचला. येथे प्रतिपक्ष आहे ‘कारखान्यात तयार केलेला’. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यांवरचे दिवे ज्या वायूवर जळत, तो दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून बनवलेला असे, आणि ‘गॅस’ म्हटले की तोच वायू समजला जाई. जमिनीतून आयता मिळणारा ज्वलनशील वायू त्याहून वेगळा दाखवण्यासाठी ‘नैसर्गिक’ हे विशेषण लागले. कोळशाचा वायू पुढे मागे पडला आणि विशेषण तेवढे राहिले.

या विशेषणावरून वायूच्या सुरक्षिततेबद्दल काहीही कळत नाही. नळातील वायू मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग मुद्दाम मिसळतात. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो आणि सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे फरशीलगत साचतो. स्वयंपाकघराचा झरोका कोठे असावा हे या फरकावरून ठरते. शिवाय एलपीजीचा काही भाग नैसर्गिक वायूपासूनच वेगळा काढलेला असतो. मुलीला वाटत असेल तसे ‘नैसर्गिक म्हणजे चांगले’ हे समीकरण विज्ञानातील कोणत्याही संज्ञेत नाही, आणि हे तिला आताच समजावे अशी माझी कळकळ आहे. ओलसर शेंगदाण्यावरील बुरशीतून निघणारे अफ्लाटॉक्सिन आणि कुचल्याच्या बीमधील स्ट्रिक्नीन ही दोन्ही विषे रसायनशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे नैसर्गिक संयुगेच आहेत, कारण ती सजीवांच्या शरीरात तयार होतात.

उलट दिशेनेही पाहावे. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवला. तोपर्यंत तो प्राण्यांच्या मूत्रातूनच मिळत असे. बडोद्याच्या खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. त्याचा रेणू आणि मूत्रातील युरियाचा रेणू यांत कणभरही फरक नसतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द येथे पदार्थाच्या उगमाविषयी बोलतो, त्याच्या गुणधर्माविषयी बोलत नाही.

‘नैसर्गिक युरेनियम’ ही संज्ञा तर याहून एक पाऊल पुढे जाते. खनिजातून काढलेले, शुद्ध केलेले, ऑक्साइडच्या गोळ्यांच्या रूपात धातूच्या नळ्यांत भरलेले इंधनसुद्धा नैसर्गिकच म्हटले जाते. इतक्या प्रक्रिया झाल्यावर ते नैसर्गिक कसे? कारण येथे प्रतिपक्ष ‘प्रक्रिया केलेले’ हा नसून ‘समृद्ध केलेले’ हा आहे. युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूचे, प्रमाण खाणीत सुमारे ०.७ टक्के असते, आणि जोपर्यंत ते प्रमाण कोणी वाढवलेले नाही तोपर्यंत युरेनियम नैसर्गिक. तापी जिल्ह्यातील काकरापार येथील अणुभट्ट्या अशा इंधनावर चालतात. एवढ्या कमी प्रमाणावर अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया टिकवायची, तर न्यूट्रॉनांचा वेग कमी करताना ते गिळले जाता कामा नयेत, आणि साधे पाणी ते बऱ्याच प्रमाणात गिळते. म्हणून तेथे जड पाणी, म्हणजे साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेले पाणी, वापरावे लागते. बडोद्यात १९७७ साली जड पाण्याचा प्रकल्प उभा राहिला, त्यामागचा तर्क हाच होता.

येथपर्यंत ‘माणसाने बदललेले नाही’ हा अर्थ कसाबसा पुरतो. नैसर्गिक वारंवारतेपाशी तो मोडतो. आपल्या घरात पितळी कड्यांचा झोपाळा असेल. तो सुताराने केला, कड्या तांबटाने ओतल्या, त्यात माणसाने न केलेले काही नाही, आणि तरीही त्याला नैसर्गिक वारंवारता आहे. कडीची लांबी दोन मीटर धरली तर एका पूर्ण झोक्याला सुमारे २.८ सेकंद लागतात. झोका लहान असेल तोपर्यंत आजी बसली काय आणि नात बसली काय, या काळात फारसा फरक पडत नाही. एकदा ढकलून सोडून दिल्यावर वस्तू आपल्या स्वभावाने ज्या गतीने हलते, ती तिची नैसर्गिक वारंवारता. प्रतिपक्ष आहे ‘बाहेरून लादलेली’. लादलेली गती या स्वाभाविक गतीशी जुळली की झोका वाढत जातो, त्याला आपण अनुनाद म्हणतो. लहान मूलही झोपाळ्याला योग्य क्षणी पाय लावते, म्हणजे हेच तत्त्व वापरते.

कारखान्यात हा धडा महाग पडतो. एका प्रकल्पात कॉम्प्रेसरजवळची एक पाइपलाइन सतत थरथरत होती आणि तिचे वेल्डिंग पुन्हा पुन्हा तडकत होते. अधिक जाड पाइप टाकावा असे सुचवण्यात आले. पण आम्ही मोजणी केली तेव्हा कॉम्प्रेसरच्या स्पंदनांची वारंवारता आणि त्या पाइपच्या मधल्या मोकळ्या भागाची नैसर्गिक वारंवारता जवळजवळ एकच निघाली. मध्ये एक आधार आणि क्लॅम्प दिल्यावर मोकळा भाग लहान झाला, त्याची वारंवारता वर सरकली आणि थरथर थांबली. ‘नैसर्गिक’ असूनही ती आम्ही बदलली. म्हणून नैसर्गिक म्हणजे अपरिवर्तनीय, हा समजही सोडून द्यावा.

याच अर्थाचे आणखी एक उदाहरण भट्ट्यांचे आहे. ‘नॅचरल ड्राफ्ट’च्या भट्टीत उंच चिमणीतील तापलेला वायू हलका होऊन वर जातो आणि त्यामुळे खालून हवा आपोआप ओढली जाते, ‘फोर्स्ड ड्राफ्ट’मध्ये तीच हवा पंख्याने ढकलतात. चिमणी सिमेंटची असो की पोलादाची, नैसर्गिक आहे तो फक्त हवेचा ओढा. उष्णतेच्या नैसर्गिक अभिसरणातही, म्हणजे तापलेला वायू किंवा द्रव स्वतः हलून उष्णता नेतो तेथेही, हाच भेद आहे.

आता लघुगणक, ज्याबद्दल मला मुलांकडून सर्वाधिक विचारणा होते. एखादी संख्या मिळवायला ठरलेल्या पायाचा कितवा घात घ्यावा लागतो, ते लघुगणक सांगतो. मुले दहा पायाचे लघुगणक आधी शिकतात आणि मग त्यांच्यापुढे २.७१८२८… असा विचित्र पाया ठेवून हाच नैसर्गिक आहे असे सांगितले जाते. त्यांना ही थट्टा वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दहा हा पाया सोयीचा आहे, पण ती सोय आपल्या बोटांची आहे. आठ बोटांच्या प्राण्याने गणित रचले असते, तर त्याला आठ हा पाया सोयीचा वाटला असता. मग कोणाच्याही बोटांवर अवलंबून नसलेला पाया कोणता? एखाद्या संख्येचे घातांक वाढवत नेले की जो वक्र मिळतो, त्याचा शून्य घातापाशी चढ किती आहे ते पाहावे. पाया दोन असेल तर तो ०.६९३ येतो, दहा असेल तर २.३०३ येतो. हा चढ नेमका एक यावा असा पाया एकच आहे, आणि तो २.७१८२८… आहे, ज्याला ‘ई’ म्हणतात. तो आपण निवडला नाही. अट घातली आणि तो हाती आला.

याचा व्यवहारातील परिणाम स्वतः करून पाहता येतो. १.०१ या संख्येचा दहा पायाचा लघुगणक ०.००४३ येतो आणि त्यातून काही बोध होत नाही. तिचाच नैसर्गिक लघुगणक ०.००९९५ येतो, म्हणजे एक टक्का वाढीसाठी जवळपास एक शतांश. लहान वाढीचे प्रमाण नैसर्गिक लघुगणक जसेच्या तसे सांगतो, मध्ये कोणताही रूपांतराचा गुणक घुसत नाही. व्याजाच्या बाजूनेही तेथेच पोहोचता येते: एक रुपया दरसाल शंभर टक्के व्याजाने ठेवला आणि व्याज वर्षाला एकदा धरले तर दोन रुपये होतात, सहामाही धरले तर २.२५, मासिक धरले तर सुमारे २.६१, दररोज धरले तर सुमारे २.७१. चक्रवाढीचा काळ कितीही लहान केला तरी रक्कम २.७१८२८… च्या पुढे जात नाही.

इतिहासातही या नावाला आधार आहे. १६४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रेग्वार द सँ-व्हँसाँ यांच्या ग्रंथात अपास्त (हायपरबोला) या वक्राखालच्या क्षेत्रफळाचा जो गुणधर्म आला, तो लघुगणकाचाच निघाला. निकोलस मर्केटर यांनी, म्हणजे नकाशांसाठी प्रसिद्ध असलेल्या मर्केटर यांच्याहून वेगळ्या गणितज्ञांनी, १६६८ साली ‘नैसर्गिक लघुगणक’ असा शब्द वापरला. ऑयलर यांनी ‘ई’ हे अक्षर रूढ केले ते अठराव्या शतकात. म्हणजे पायाला नाव मिळण्याच्या आधी कित्येक वर्षे लघुगणक नैसर्गिक ठरला होता, कारण तो क्षेत्रफळातून आपोआप निघत होता. येथे ‘नैसर्गिक’चा प्रतिपक्ष ‘माणसाने सोयीसाठी ठरवलेला’ हा आहे. कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजणे यालाही याच अर्थाने स्वाभाविक म्हणतात, आणि १८९९ साली माक्स प्लांक यांनी निसर्गाच्या स्थिरांकांपासून लांबी, काळ आणि वस्तुमान यांची जी एकके सुचवली, ती ‘नैसर्गिक एकके’ही याच जातीची आहेत.

विसाव्या शतकात गणितज्ञांनी या अर्थाला काटेकोर व्याख्या दिली. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांच्या १९४५ सालच्या निबंधाचा विषयच ‘नैसर्गिक’ समतुल्यता हा होता. आपल्या मुलीला त्याची आज गरज नाही, पण कल्पना सांगता येते. वर्गात चाळीस मुले आणि चाळीस खुर्च्या असतील, तर प्रत्येकाला एक खुर्ची देता येईल, मात्र कोणी कोठे बसावे हे कोणाला तरी ठरवावे लागेल. याउलट मुलांच्या क्रमित जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतील पहिल्याला दुसरा आणि दुसऱ्याला पहिला करणे, ही क्रिया कोणत्याही वर्गात, कोणालाही न ओळखता, एकाच नियमाने करता येते. पहिल्या संगतीला निवड लागते, दुसरीला लागत नाही, दुसरी नैसर्गिक. माझ्या मते ‘नैसर्गिक’ या शब्दाचा विज्ञानातील हा सर्वांत स्वच्छ वापर आहे.

शून्याचा प्रश्न यानंतर सोपा होतो. नैसर्गिक संख्यांचा प्रतिपक्ष म्हणजे ऋण संख्या, अपूर्णांक, अपरिमेय संख्या, ज्या मोजण्याच्या पलीकडच्या गरजांसाठी आल्या. मोजणीतून सहज येतात त्या नैसर्गिक. मग शून्य मोजणीत येते का? ‘टोपलीत किती आंबे आहेत?’ या प्रश्नाला ‘शून्य’ हे योग्य उत्तर आहे. परंतु आंबे मोजताना कोणी ‘शून्य, एक, दोन’ असा आरंभ करत नाही. दोन्ही बाजूंना वजन आहे. इटालियन गणितज्ञ पेआनो यांनी १८८९ साली आपली गृहीतके एकपासून मांडली आणि पुढे ती शून्यापासून लिहिली. आज गणितातील चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात शून्याचा नैसर्गिक संख्यांत समावेश आहे, संगणकशास्त्र आणि तर्कशास्त्र शून्यापासून आरंभ करते, आणि आपल्या शालेय पुस्तकांत नैसर्गिक संख्या एकपासून व शून्यासह त्या ‘पूर्ण संख्या’ अशी मांडणी आहे. हा सत्य-असत्याचा वाद नाही, संकेत ठरवण्याचा आहे. तिने परीक्षेत पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहावे आणि कोणतेही नवे पुस्तक उघडताना लेखकाने कोणता संकेत धरला आहे ते पहिल्या पानांत पाहावे.

नैसर्गिक निवड ही संज्ञा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली, कारण येथे चुकीच्या अर्थाने सर्वाधिक हानी केली आहे. डार्विन यांनी १८५९ सालच्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राण्यांपासून केला. कबुतरे पाळणारे लोक हवे तसे पक्षी निवडून वेगवेगळ्या जाती कशा घडवतात, हे त्यांनी आधी दाखवले. आपल्याकडे गीर गाय किंवा सुरती म्हैस पिढ्यानपिढ्या अशाच निवडीतून घडल्या. त्या कृत्रिम निवडीच्या समोर त्यांनी ‘नैसर्गिक निवड’ ठेवली. प्रतिपक्ष इतका स्पष्ट असूनही वाचकांचे लक्ष दुसऱ्या शब्दाकडे गेले, आणि निवड आहे म्हणजे निवडणारा असणारच, असे त्यांनी धरले. डार्विन यांना हे जाणवले होते. ‘नैसर्गिक परिरक्षण’ हा शब्द अधिक बरा झाला असता, असे त्यांनी १८६० साली भूवैज्ञानिक लायल यांना कळवले. १८६६ साली याच सिद्धांतापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचलेल्या वॉलेस यांनी त्यांना तत्त्वज्ञ स्पेन्सर यांचा शब्दप्रयोग घेण्याचे सुचवले, आणि १८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘जो सर्वांत अनुरूप तो टिकतो’ या अर्थाचा तो प्रयोग आला. त्यातून ‘बलवान तोच टिकावा’ असा नीतीचा उपदेश काहींनी काढला, जो त्या सिद्धांतात कोठेही नाही. प्रतिजैविकाने बहुतेक जंतू मरतात, ज्यांच्यात योगायोगाने प्रतिकार होता ते उरतात, आणि पुढची पिढी त्यांची होते. येथे कोणी निवडले नाही, कोणी बलवान नव्हते, आणि जे घडले ते रोग्याच्या दृष्टीने चांगलेही नाही.

उरलेल्या काही संज्ञा थोडक्यात पाहू. चंद्राला ‘नैसर्गिक उपग्रह’ म्हणण्याची गरज ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेल्यावर खऱ्या अर्थाने निर्माण झाली. शरीरातील ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव १९७५ साली आले. आधी ओळख किंवा प्रशिक्षण झालेले नसतानाही त्या बाधित पेशीवर तुटून पडतात, म्हणून प्रतिपक्ष ‘शिकलेल्या’ हा आहे. वनस्पतींचे ‘नैसर्गिक वर्गीकरण’ म्हणजे लिनियस यांच्याप्रमाणे मुख्यतः पुंकेसर मोजून केलेल्या सोयीच्या वर्गीकरणाऐवजी अनेक लक्षणांवरून खरे आप्तसंबंध शोधणारे वर्गीकरण. बडोद्याच्या कमाटीबागेतील संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा ज्या ‘नॅचरल हिस्टरी’ विभागात आहे, त्या नावातील अडचण मात्र दुसऱ्या शब्दात आहे: ‘हिस्टरी’चा मूळ ग्रीक अर्थ शोध किंवा चौकशी असा आहे, त्यामुळे ‘निसर्गाचा इतिहास’ असे भाषांतर दिशाभूल करते.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. बडोद्यात हा प्रश्न नवा नाही. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन या येथील तंत्रशिक्षणाच्या संस्थेत देशी भाषांतून शास्त्रे शिकवण्याचा प्रयत्न केला, आणि सयाजीरावांच्या आश्रयाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा जो ‘कल्पतरू’ निघाला, त्यात अनेक भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडले गेले. तशी मांडणी आपल्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर करावी, असे मी सुचवतो. तिला गुजरातीची मोठी मदत होईल, कारण तेथे वायूला ‘कुदरती’ आणि संख्यांना ‘प्राकृतिक’ म्हणतात, म्हणजे मराठीने एकाच शब्दात कोंबलेले दोन अर्थ तिच्या कानांना आधीच वेगळे आहेत. वायू, रबर, उपग्रह यांच्यापुढे तिने ‘कुदरती’ लिहावे. वारंवारता आणि अभिसरण यांच्यापुढे ‘स्वाभाविक’. मारक पेशींपुढे ‘सहज’. लघुगणक आणि एकके यांच्यापुढे ‘निवडीवाचून आलेले’. उत्तरपत्रिकेत छापील संज्ञाच वापरावी. संख्यांपुढे काय लिहावे हे मात्र तिने स्वतः ठरवावे, आणि काय ठरले ते मला जरूर कळवावे.